फोटोतले तारे सॉफ्टवेअरकडून शोधून घेताना: एम ६७ वर पहिला हात

रात्रभर गच्चीवर दुर्बीण लावून दीडशे फोटो काढावेत, सकाळी ते एकावर एक रचायला घ्यावेत, आणि सॉफ्टवेअरने ‘पुरेसे तारे सापडले नाहीत’ एवढंच सांगून हात वर करावेत. फोटोत तर तारे ढळढळीत दिसत असतात! हे सॉफ्टवेअर आपल्या नकळत आधी तारे शोधत असतं, याचा पत्ता बहुतेक हौशी मंडळींना अशाच एखाद्या सकाळी लागतो.

फोटो जुळवणं, फोटोतला तुकडा आकाशात नेमका कुठला ते ओळखणं, चलताऱ्याची प्रत मोजणं, सरकलेला लघुग्रह पकडणं, या सगळ्यांची पहिली पायरी एकच असते: फोटोत कुठे कुठे तारा आहे याची यादी. ही यादी सॉफ्टवेअर दोन-चार सेकंदांत काढून देतं. पण तारा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. त्याला दिसतो आकड्यांचा चौकोनी तक्ता. त्यात तुम्ही सांगाल तेवढ्या रुंदीचा आणि तुम्ही सांगाल तेवढ्या उंचीचा उंचवटा आढळला की ते तिथे खूण करतं. म्हणून ‘या फोटोत तारे किती?’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नसतं. पार्श्वभूमी, रुंदी आणि उंबरठा हे तीन आकडे तुम्ही काय दिलेत, त्यावर ते उत्तर बदलतं. खालची सगळी कृती म्हणजे हे तीन आकडे अंदाजपंचे न देता मोजून द्यायचे, एवढीच.

सरावासाठी कुठला फोटो

पहिल्या दिवशी स्वतःचा फोटो घेऊ नका. काही बिघडलं तर फोटो बिघडलाय की आपली कृती, हे कळत नाही. कर्क राशीतला एम ६७ हा तारकागुच्छ घ्या. अल्फा कॅन्क्री या ताऱ्याच्या पश्चिमेला पावणेदोन अंशांवर तो आहे. वय सुमारे ४ अब्ज वर्षं, म्हणजे जवळपास आपल्या सूर्याच्याच पिढीतला. त्यात गर्दी बेताची आहे आणि मागे तेजोमेघाची झिलई नाही. कृत्तिकांचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता, पण त्यांच्याभोवतीचा धुळीचा निळसर उजेड नवशिक्याला रडवतो. का ते पुढे येईलच.

अमेरिकेतल्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर ‘डिजिटाइज्ड स्काय सर्व्हे’ मोफत मिळतो. पॅलोमार आणि ऑस्ट्रेलियातल्या श्मिट दुर्बिणींनी घेतलेल्या काचेच्या प्लेटा स्कॅन करून तो तयार झाला. तिथे एम ६७ हे नाव द्या, सर्वेक्षण पॉस-२ लाल निवडा, रुंदी आणि उंची प्रत्येकी २० कला ठेवा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि फाइल फिट्स प्रकारात, म्हणजे पिक्सेलचे मूळ आकडे जपणाऱ्या खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या प्रकारात मागा. या स्कॅनमध्ये एक पिक्सेल जवळपास १ विकलेचा (कलेच्या साठाव्या भागाचा) आहे, म्हणजे हाती येतो साधारण १,२०० गुणिले १,२०० पिक्सेलचा चौकोन. एकूण १४ लाख ४० हजार आकडे. हा आकडा लक्षात ठेवा, उंबरठा ठरवताना लागणार आहे.

फाइल फिट्सच हवी, जेपेग नको. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या असतात, शिवाय फोटो सुंदर दिसावा म्हणून अंधारे भाग आधीच उजळलेले असतात, आणि फाइल आकसवताना ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन उमटतात. मंद ताऱ्याच्या जागी सॉफ्टवेअर त्या चौकोनांचे कोपरे शोधून देतं. तुमच्या कॅमेऱ्यातूनही रॉ किंवा फिट्सच उचला.

आधी डोळ्यांनी

ही पायरी सगळे गाळतात, आणि निम्म्या चुका इथेच टळतात.

डीएस-नाइन नावाचा मोफत प्रोग्राम उतरवून त्यात फाइल उघडा. सुरुवातीला सगळं काळं दिसेल आणि चार-पाच ठिपके दिसतील. ‘स्केल’ मेनूतून ‘झेडस्केल’ निवडा, तारे भसाभस उगवतात. फाइल तीच असते, फक्त आकड्यांना रंग देण्याची पद्धत बदलते. आता माउसचा बाण रिकाम्या आकाशावर फिरवा आणि वर दिसणारे आकडे वाचा. एखाद्या मध्यम ताऱ्यावर न्या, आकडा चढेल. एकदम ठळक ताऱ्यावर न्या, आकडा चढून एका पातळीला सपाट होईल, कारण तिथे प्लेट भरून गेली आहे. कॅमेऱ्याच्या फोटोतही असंच होतं. १६ बिटच्या फाइलमध्ये ६५,५३५ च्या वर आकडाच नसतो.

ठळक ताऱ्यांना फुटलेले चार काटेही पाहून ठेवा. दुर्बिणीच्या आत प्लेटहोल्डर धरून ठेवणाऱ्या आधारांमुळे ते येतात. प्लेटवरचा एखादा ओरखडा किंवा धुळीचा कण दिसला तर त्याचीही जागा टिपून ठेवा. यांतले काही थोड्याच वेळात ‘तारे’ बनून समोर येणार आहेत.

पार्श्वभूमी: सरासरीवर भरवसा नको

आकाश कुठल्याच फोटोत शून्य नसतं. चंद्राचा उजेड, शहराच्या दिव्यांचा उजेड, हवेची स्वतःची मंद चमक, आणि कॅमेऱ्याने मुद्दाम मिसळलेला एक ठरावीक आकडा, असं सगळं मिळून ती पातळी बनते. तारा म्हणजे त्या पातळीच्या वरचा भाग. तेव्हा पातळी नेमकी किती आणि ती किती थरथरते, हे दोन आकडे आधी हवेत. थरथरीला सिग्मा म्हणतात.

सगळ्या पिक्सेलची सरासरी काढली की झालं, असं वाटतं. तसं होत नाही. सहा पिक्सेल घ्या: १००, १०२, ९८, १०१, ९९ आणि एका ताऱ्यावर पडलेला ५,०००. सरासरी निघते सुमारे ९१७, जी यातल्या एकाही पिक्सेलचं वर्णन करत नाही. गावात एखादा कारखानदार राहायला आला की गावाचं सरासरी उत्पन्न वाढतं, पण वेशीवर भेटणाऱ्या माणसाच्या खिशात काही फरक पडत नाही, तसंच हे. याच सहांचं मध्यक काढलं, म्हणजे ओळीने लावून मधला आकडा घेतला, तर येतो १००.५. हेच आकाश.

थरथर मोजताना आणखी एक युक्ती वापरतात. मध्यकापासून तीन सिग्मांपेक्षा लांबचे पिक्सेल वगळायचे, उरलेल्यांचं मध्यक आणि सिग्मा पुन्हा काढायचा, पुन्हा लांबचे वगळायचे, आणि आकडे स्थिरावेपर्यंत हे करत राहायचं. तारे आपोआप बाहेर पडतात आणि मागे आकाश उरतं. पायथन या संगणकभाषेत ॲस्ट्रोपाय हा खगोलशास्त्राचा मोफत संच बसवला असेल तर ‘सिग्मा क्लिप्ड स्टॅट्स’ हे फंक्शन एका ओळीत सरासरी, मध्यक आणि सिग्मा अशी तिन्ही उत्तरं देतं. सरासरी आणि मध्यक एकमेकांच्या अगदी जवळ आले तर काम चांगलं झालं म्हणायचं.

एम ६७ च्या या चौकोनाला पूर्ण फोटोसाठी एकच पातळी चालून जाते. गच्चीवरून काढलेल्या फोटोला सहसा चालत नाही, कारण शहराच्या बाजूचा कोपरा उजळ आणि डोंगराच्या बाजूचा अंधारा असतो. एकच पातळी धरली तर उजळ कोपऱ्यात ‘तारे’च तारे आणि अंधाऱ्या कोपऱ्यात शुकशुकाट. अशा वेळी फोटोचे चौकोन पाडून प्रत्येकाची पातळी वेगळी काढतात आणि त्यांवरून एक सलग चादर विणतात. फोटुटिल्स या पायथनच्याच दुसऱ्या संचात त्याला ‘बॅकग्राउंड टू-डी’ म्हणतात, आणि सोर्स एक्स्ट्रॅक्टर या जुन्या, दणकट प्रोग्रामच्या सोबत येणाऱ्या नमुना फाइलमध्ये चौकोनाची बाजू ६४ पिक्सेल ठेवलेली असते. चौकोन सर्वांत मोठ्या ताऱ्याच्या पसाऱ्यापेक्षा बराच मोठा हवा. लहान घेतला तर ताऱ्याचा उजेडच पार्श्वभूमी समजून वजा होतो, आणि ठळक ताऱ्यांभोवती काळी वलयं दिसू लागतात. वजाबाकी झालेला फोटो म्हणूनच पुन्हा डीएस-नाइनमध्ये उघडून पाहायचा असतो.

रुंदी

तारा इतका दूर आहे की फोटोत त्याचा बिंदूच पडायला हवा. पण हवा थरथरते, दुर्बिणीलाही मर्यादा असते, आणि बिंदूचा लहानसा ढिगारा होतो. ढिगाऱ्याच्या निम्म्या उंचीवर आडवी रेघ मारली तर ती जेवढी लांब, ती त्याची रुंदी. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे एफडब्ल्यूएचएम म्हणतात, मीही तेच म्हणतो. एकाच फोटोतल्या सगळ्या ताऱ्यांची, मंद असो की ठळक, ही रुंदी जवळपास सारखी असते. ठळक तारा मोठा दिसतो तो उंच असल्यामुळे. तारा आणि बाकीचा कचरा यांतला फरक सॉफ्टवेअरला सांगायला आपल्याकडे हीच एक खूण आहे.

डीएस-नाइनमध्ये ‘प्रोजेक्शन’ प्रकारची रेघ ताऱ्यावरून ओढली की त्याचा उभा छेद आलेखात दिसतो. भरून गेलेले तारे सोडून पाच-सहा मध्यम तारे घ्या, निम्म्या उंचीवरची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा आणि मधला आकडा ठेवा. समजा ४ आला. पुस्तकात कुठे सिग्मा दिला असेल तर त्याला २.३५५ ने गुणलं की एफडब्ल्यूएचएम मिळतो. हा सिग्मा ढिगाऱ्याच्या आकाराचा, आकाशाच्या थरथरीचा नव्हे. नाव एकच असल्याने गोंधळ उडतो.

स्वतःच्या दुर्बिणीसाठी अंदाज असा बांधता येतो. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६.२६५ ने गुणा आणि नाभीय अंतराच्या मिलिमीटरने भागा. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ८०० मिलिमीटर नाभीय अंतर असेल तर एका पिक्सेलला ०.९७ विकला. हवेने तारा ३ विकलांचा केला तर रुंदी तीन पिक्सेलच्या आसपास यावी. सहा येत असेल तर फोकस बघा.

रुंदी खरीपेक्षा फार लहान दिली तर प्लेटचे दाणे आणि कॅमेऱ्याचे हॉट पिक्सेल (उजेड नसतानाही चमकणारे बिघडलेले पिक्सेल) तारे म्हणून येतात. फार मोठी दिली तर शेजारशेजारचे दोन तारे एकात मिसळतात.

उंबरठा

आता मुख्य आकडा. आकाशाच्या पातळीवर किती सिग्मा चढलं की तारा मानायचं?

आकाशाची थरथर घंटेच्या आकाराच्या नेहमीच्या वाटपासारखी आहे असं धरलं, तर केवळ योगायोगाने एखादा पिक्सेल ३ सिग्मांच्या वर जाण्याची शक्यता ०.००१३५ असते. ऐकायला नगण्य वाटते. पण आपल्याकडे १४ लाख ४० हजार पिक्सेल आहेत. गुणाकार करा: सुमारे १,९४४ पिक्सेल नुसत्या थरथरीने उंबरठा ओलांडतील. ४ सिग्मा ठेवला तर ४५ च्या आसपास, आणि ५ सिग्मा ठेवला तर एकसुद्धा भरत नाही. जिथे तिथे ‘पाच सिग्मा’ ऐकू येतं त्यामागे हे साधं गणित आहे. प्लेटवरचे दाणे एकाहून जास्त पिक्सेलवर पसरलेले असतात, त्यामुळे शेजारचे पिक्सेल एकमेकांपासून स्वतंत्र नसतात आणि हे आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत. तरी ३ आणि ५ मधली दरी खरीच आहे.

मग सोर्स एक्स्ट्रॅक्टरच्या नमुना फाइलमध्ये उंबरठा १.५ सिग्मा कसा? कारण तिथे जोडीला दुसरी अट आहे: उंबरठ्यावरचे किमान ५ पिक्सेल एकमेकांना चिकटून हवेत. एकटा पिक्सेल योगायोगाने चढतो, पाच शेजारी एकदम चढणं अवघड. एमानुएल बर्टां आणि स्टेफान आर्नू यांनी १९९६ मध्ये हा प्रोग्राम प्रसिद्ध केला तो मुख्यतः दीर्घिकांनी भरलेल्या मोठ्या सर्वेक्षणांसाठी. पसरट, मंद गोष्टी त्यातून निसटत नाहीत. आपल्याला इथे गोल, टोकदार तारे हवेत, म्हणून मी नवशिक्यांना दुसरी पद्धत सांगतो. पीटर स्टेटसन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डाओफॉट या प्रोग्राममधली ती आहे. ‘डाओ’ म्हणजे कॅनडातली डोमिनियन ॲस्ट्रोफिजिकल ऑब्झर्व्हेटरी. दिलेल्या रुंदीचा एक साचा फोटोच्या प्रत्येक पिक्सेलवर ठेवून बघायचा आणि जिथे तो सर्वांत चांगला बसेल तिथे तारा, अशी तिची रीत. साच्याची एकूण बेरीज शून्य ठेवलेली असते, त्यामुळे खालची सपाट पातळी आपोआप रद्द होते.

फोटुटिल्समध्ये हीच पद्धत ‘डाओ स्टार फाइंडर’ नावाने आहे. तिला रुंदी ४ द्या, उंबरठा द्या, आणि मध्यक वजा केलेला फोटो तिच्या हवाली करा. एक खड्डा इथे आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय: इथला उंबरठा सिग्मात नसून फोटोच्या आकड्यांत द्यायचा असतो. नुसतं ५ लिहिलं तर ते पाच सिग्मा होत नाही, पाच मोजणी होतात. सिग्मा जर २०० असेल तर तुम्ही उंबरठा जमिनीतच पुरलात. पाच गुणिले सिग्मा असं लिहायचं.

पायथनशी जमत नसेल तर सिरिल हा मोफत प्रोग्राम घ्या. त्याच्या ‘डायनॅमिक पीएसएफ’ खिडकीत त्रिज्या, उंबरठा आणि गोलाईची मर्यादा भरून ताऱ्याचं बटण दाबलं की फोटोवर वर्तुळं आणि शेजारी तक्ता येतो. गच्चीवरच्या त्या सकाळी दगा देतात ते हेच आकडे असतात. फोकस थोडा हलला की तारे फुगून मंद होतात, आणि उंबरठा थोडा खाली आणला की फोटो जुळू लागतात.

वर्तुळं काढून बघा

यादी आली की तक्ता वाचत बसू नका. प्रत्येक ताऱ्याच्या जागी फोटोवर वर्तुळ काढा.

वर्तुळं ताऱ्यांवर बसत नसतील तर बहुधा तीनपैकी एक भानगड असते. सगळी वर्तुळं तिरकी, एकाच दिशेला आणि एकेक पिक्सेल सरकलेली असतील तर मोजणीची सुरुवात वेगळी आहे: फिट्स आणि डीएस-नाइन पहिल्या पिक्सेलला १ म्हणतात, पायथन ० म्हणतं. फोटो उलटा दिसत असेल तर पायथनच्या चित्रात शून्यावी ओळ वर ठेवली गेलीय, ती खाली न्यायला सांगा. आणि वर्तुळांचा नमुना ओळखीचा वाटतोय पण कर्णावर आरशातल्यासारखा पालटलाय असं असेल, तर आडवा आणि उभा आकडा अदलाबदल झालाय. पायथनच्या तक्त्यात आधी ओळ आणि मग स्तंभ येतो.

वर्तुळं नीट बसली की मग निवडणी, तांदूळ निवडावेत तशी. ठळक ताऱ्यांच्या काट्यांवर ओळीने बसलेली वर्तुळं खोटी. भरून गेलेल्या ताऱ्याच्या सपाट माथ्यावर चार-पाच वर्तुळांचा घोळका दिसला तर तो एकच तारा. फोटोच्या कडेला चिकटलेले उडवा. तक्त्यात ‘शार्पनेस’ आणि ‘राउंडनेस’ हे स्तंभ असतात. कॅमेऱ्याच्या फोटोत वैश्विक किरणांचे ठिपके आणि हॉट पिक्सेल ताऱ्यापेक्षा टोकदार असतात, दीर्घिका पसरट असते, उपग्रहाची रेघ लांबट असते. डाओ स्टार फाइंडरमध्ये शार्पनेसची मूळ मर्यादा ०.२ ते १ आणि राउंडनेसची उणे १ ते अधिक १ असते. गोल ताऱ्याचा राउंडनेस शून्याजवळ येतो. सिरिलमध्ये मात्र पूर्ण गोल म्हणजे १. एका प्रोग्रामची मर्यादा दुसऱ्यात चिकटवली की सगळे चांगले तारे बाहेर फेकले जातात.

यादी खरी किती

तीन परीक्षा घेता येतात. पहिली मला सर्वांत आवडते, कारण तिला बाहेरचं काहीच लागत नाही. पार्श्वभूमी वजा केलेला फोटो उणे एकने गुणा आणि त्याच आकड्यांनी पुन्हा तारे शोधा. आकाशात उणे उजेडाचे तारे नसतात, म्हणून जे सापडेल ते सगळं थरथरीचं. उलट्या फोटोत १२ सापडले, तर सुलट यादीतही साधारण तेवढे भुताटकीचे आहेत असं समजा. उंबरठा ३, ४, ५ असा बदलत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, तुमच्या फोटोसाठी कुठे थांबायचं ते तिथेच दिसेल.

दुसरी, अलादिन या मोफत प्रोग्राममध्ये फोटो उघडून त्यावर ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाची तिसरी यादी चढवा. २०२२ मध्ये आलेल्या या यादीत सुमारे १८० कोटी नोंदी आहेत. तुमचं वर्तुळ आहे पण गायाचा ठिपका नाही, अशा जागा एकेक करून बघा. दीर्घिका, ओरखडा की काटा, ते मोठं केल्यावर लगेच कळतं. प्लेट जुनी आहे याची काळजी एम ६७ साठी नको. गुच्छ वर्षाला विकलेच्या शंभराव्या भागाइतका सरकतो, पंचवीस वर्षांत पाव पिक्सेलच्या आसपास. बर्नार्डचा तारा मात्र वर्षाला १०.३ विकला पळतो, तो तुम्हाला चार कला अलीकडे सापडला असता.

तिसरी परीक्षा निसटलेल्या ताऱ्यांसाठी. मोजलेल्या रुंदीचे, ठरावीक तेजाचे ५० खोटे तारे फोटोत वेगवेगळ्या जागी स्वतःच मिसळा आणि शोध पुन्हा चालवा. ठळक असताना ५० पैकी ४९ परत येतील. मंद करत नेले की एका तेजाला निम्मेच परत येतात, ती तुमच्या यादीची खरी सीमा. एकदम पाचशे मिसळू नका, गर्दीच वाढते आणि परीक्षाच बिघडते.

कृत्तिकांचा फोटो एवढं झाल्यावर घ्या. तिथे धुळीवरून परावर्तित झालेल्या उजेडाच्या तंतूंना गाठी असतात, त्या ताऱ्याच्या रुंदीला जवळ जातात आणि साचा तिथे फसतो. चौकोन लहान करून पार्श्वभूमी काढली तर गाठी जातात, पण ठळक ताऱ्यांभोवती काळी वलयं येतात. दोन वेगळ्या चौकोनांनी दोन याद्या काढून, दोन्हींत असलेलेच तारे ठेवणं हा मला जमलेला तोडगा. ओमेगा सेंटॉरीसारख्या गोलाकार गुच्छाच्या गाभ्यात मात्र यातलं काहीच पुरत नाही. तिथे ढिगारे एकमेकांवर चढलेले असतात आणि रिकामं आकाशच उरत नाही, म्हणून सापडलेले तारे फोटोतून वजा करून उरलेल्यात पुन्हा शोधायचं, असं दोन-तीनदा करतात. डाओफॉट मुळात अशाच गर्दीसाठी लिहिला गेला.

स्वतःच्या दुर्बिणीतून एम ६७ टिपायचा असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या रात्री धरा. पुण्याच्या अक्षांशावरून तो डोक्यावरच्या बिंदूपासून जेमतेम सात अंश दक्षिणेकडून जातो. एवढ्या उंचीवर हवेचा थर पातळ असतो, आणि रुंदीचा आकडा तिथे तुमच्या दुर्बिणीला जमेल तेवढा लहान येतो. फोटो काढलात की यादीच्या फाइलच्या नावातच रुंदी आणि उंबरठा लिहून ठेवा, ‘एम६७-रुंदी४-पाचसिग्मा’ असं काहीतरी. पुढच्या महिन्यात तीन याद्या समोर असतील आणि तिन्हींत ताऱ्यांची संख्या वेगळी असेल.